वाचक विचारतात : आवडता बँड नाचायला लागला तर?

प्रश्न : सर, मी दारव्हा तालुक्यातला. यवतमाळला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, रूम करून राहतो. न्यूयॉर्कच्या ‘येह येह येह्ज’ या बँडनं मला वेड लावलं. त्यांचं ‘मॅप्स’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता. मग तो सारा ‘फीव्हर टू टेल’ पाठच झाला. आता एका रीलमध्ये ‘हेड्स विल रोल’ वाजून राहिलं होतं, मित्र म्हणे हे बी त्याह्यचंच. माझा विश्वास बसेना. हे तर वरातीत डीजेवर वाजवायचं गाणं! ‘इट्स ब्लिट्झ’ अल्बम शोधून ऐकला, तर गिटार कुठं गेली तेच समजेना. रूमवरचे पोट्टे म्हणतात, पैशासाठी बदलले, तू काहून डोकं लावतं? मला मात्र वाईट वाटून राहिलं. बँड आपला आवाज काहून बदलते? अन् सारे याला ‘न्यू वेव्ह’ म्हणतात, ते नेमकं काय असते?

उत्तर : तुला वाईट वाटलं यात चूक काहीच नाही. ज्या आवाजानं अंगावर काटा आणला, तो आवाज उद्याही तसाच मिळावा असं कोणालाही वाटणार. पण पोट्ट्यांचं म्हणणं मान्य करण्याआधी तुझ्या रीलपासून सुरुवात करू. रीलवर जे जास्त फिरतं, ते ए-ट्रॅक नावाच्या डीजेनं २००९ मध्ये केलेलं त्या गाण्याचं रिमिक्स आहे. तूही बहुधा तेच ऐकलं असशील. बँडनं स्वतः रेकॉर्ड केलेलं गाणं त्याहून वेगळं आहे. ते लाव आणि ड्रमकडे कान दे. हाडामांसाचा माणूस वाजवतोय हे लगेच कळतं. ब्रायन चेसचा हात आहे तो, ‘मॅप्स’मधे आहे तोच.

आता त्या बँडची घडण बघ. २००० साली न्यूयॉर्कमधे तो जमला. माणसं तीनच : कॅरन ओ गाते, निक झिनर गिटार वाजवतो, ब्रायन चेस ड्रम वाजवतो. बेस गिटारवाला कोणी नाही. तुला ‘मॅप्स’ इतकं लागलं त्यात या गोष्टीचा मोठा वाटा आहे असं मला वाटतं. सुरुवातीला गिटारवर एकच सूर भराभर थरथरत राहतो, मग खालून ड्रम येतो, आणि त्या दोघांच्या मधली जागा बरीचशी मोकळीच राहते. कॅरनचा आवाज त्या मोकळ्या जागेत उघडा पडतो. तिला आडोसा देणारं तिथं काही नाही. २००३ चा तो पहिला अल्बम असाच आहे, खरखरीत आणि अंगावर येणारा.

२००९ च्या ‘इट्स ब्लिट्झ’मधे त्याच मोकळ्या जागेत सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर तयार करणारा की-बोर्ड, आला. आणि तो बाहेरून आणून कोणी बसवला नाही. ज्याच्या गिटारवरून हा बँड ओळखला जायचा, तो निक झिनरच गिटार बाजूला ठेवून की-बोर्डकडे वळला. निर्माते दोघे होते, निक लॉने आणि डेव्ह सिटेक. यातला सिटेक तर पहिल्या अल्बमलाही होता. म्हणजे घरचाच माणूस. एखाद्या वाद्यावर हात बसायला आयुष्य जातं, आणि नाव झाल्यावर तेच वाद्य खाली ठेवायचं, याला छाती लागते. मी की-बोर्ड वाजवणारा माणूस आहे. मला कोणी सांगितलं की पुढचा कार्यक्रम संवादिनीवर कर, तर माझी बोटं अडखळतील. म्हणून मी या माणसाकडे आदरानं बघतो.

त्या अल्बमच्या वेष्टनावर एक हात आहे आणि मुठीत फुटलेलं अंडं. मला ते चित्र या अल्बमला शोभणारं वाटतं. आणि सगळी गाणी नाचाची आहेत असंही नाही. ‘हिस्टेरिक’ लाव, ‘रनअवे’ लाव. ‘मॅप्स’मधली बाई तुला तिथं पुन्हा भेटेल.

आता न्यू वेव्ह. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या बावरी भागात सीबीजीबी नावाचा एक क्लब होता. तिथं पंक वाजवणारी पोरं जमायची : तीन सूर, खूप वेग, खूप राग. त्याच स्टेजवर काही बँड असे होते की ज्यांना रागाच्या पुढं जायचं होतं. कोणी डिस्कोचा ठेका घेतला, कोणी जमैकाचा रेगे घेतला, कोणी आफ्रिकेचा ताल. गिटार जाडजूड न वाजवता तुटक, कोरडी वाजवायची. की-बोर्डला मानाची जागा द्यायची. गाणं छोटं आणि टोकदार ठेवायचं. या सगळ्याला मिळून न्यू वेव्ह म्हणायला लागले. त्याची काटेकोर व्याख्या शोधू नकोस, पेपरवाल्यांनी आणि रेकॉर्ड कंपन्यांनी हे नाव कोणालाही चिकटवलं आहे.

त्यातलं एक गाणं तू ऐकलंच पाहिजे. ब्लाँडी या बँडचं ‘हार्ट ऑफ ग्लास’. तुझ्या मित्रांचा जो आरोप आहे तोच या गाण्यावर झाला होता. १९७९ च्या सुरुवातीला ते ब्रिटनमधे पहिल्या क्रमांकावर गेलं, एप्रिलमधे अमेरिकेतही गेलं, आणि सीबीजीबीच्या कट्ट्यावरचे लोक म्हणाले, हे विकले गेले. खरी हकिकत अशी की हे गाणं बँडकडे १९७५ पासून होतं. संथ होतं, जमत नव्हतं, आणि आपापसात ते त्याला ‘डिस्को साँग’च म्हणायचे. १९७८ साली निर्माता माइक चॅपमननं ते बाहेर काढलं, रोलँड कंपनीच्या सीआर-७८ या ताल देणाऱ्या यंत्राचा टिकटिक ठेका खाली घातला आणि त्यावर खरा ड्रम वाजवून घेतला. माणसानं यंत्राच्या लयीत तंतोतंत बसायचं, हे तेव्हा सोपं नव्हतं. बाजार बघून रातोरात केलेलं काम असं नसतं.

आणि ‘नाचाचं म्हणजे हलकं’ हा समज आला कुठून, तेही माहीत असू दे. अमेरिकेत डिस्को वाढला तो काळ्या, लॅटिनो आणि समलिंगी लोकांच्या क्लबांमधून. ज्यांना इतर ठिकाणी मोकळेपणानं उभंही राहता येत नव्हतं, ते तिथं रात्रभर नाचायचे. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानावर बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळात लोकांनी आणलेल्या डिस्कोच्या रेकॉर्डी एका पेटीत भरून स्फोटानं उडवल्या. गर्दी मैदानात घुसली, दुसरा सामना होऊच शकला नाही. संगीत आवडत नाही म्हणून कोणी तबकडी फोडत नाही. ते संगीत ज्यांचं आहे ती माणसं नको असतात, तेव्हा फोडतात. डफडं वाजवणाऱ्याला मांडवाबाहेर बसवून जेवू घालणारी लग्नं मी आमच्या भागात पाहिली आहेत. त्याच डफड्यावर सारा गाव नाचला होता. त्यामुळे ‘हे काय, नाचाचं वाजवायला लागले’ असं कोणी नाक मुरडून म्हटलं की माझे कान टवकारतात.

तुझ्या प्रश्नाचं सगळ्यात खोल उत्तर मात्र इंग्लंडमधल्या मँचेस्टरला आहे. जॉय डिव्हिजन नावाचा चौघांचा बँड होता. काळोखं, जड, थंड संगीत. त्यांचा गायक इयन कर्टिस यानं १८ मे १९८० ला, अमेरिकेच्या दौऱ्यावर निघायच्या तोंडावर, आत्महत्या केली. तेवीस वर्षांचा होता. उरलेल्या तिघांनी नाव बदलून न्यू ऑर्डर केलं आणि थोड्याच दिवसांत गिलियन गिल्बर्ट की-बोर्डला आली. गिटारवाला बर्नार्ड सम्नर गायला लागला. पहिला अल्बम अजून सुतकातला आहे. मग ही माणसं न्यूयॉर्कला गेली, तिथल्या क्लबांमधे यंत्रावर वाजणारे ताल ऐकले, आणि ७ मार्च १९८३ ला ‘ब्लू मंडे’ आलं. साडेसात मिनिटं. सुरुवातीला नुसती ड्रम मशीनची, म्हणजे ताल देणाऱ्या यंत्राची, किक (ड्रमसेटमधल्या पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमचा ठोका). धड् धड् धड् धड्, आणि मधेच ती धडधड अडखळल्यासारखी दाट होते.

यातली एक गोष्ट मला फार जवळची वाटते. गाण्यातला सिंथेसायझरचा प्रत्येक सूर गिलियनला हातानं यंत्रात भरावा लागला. तिनं सगळा क्रम कागदांवर लिहून काढला, ते कागद एकमेकांना चिकटवले, त्याची स्टुडिओभर लांब पट्टी झाली. भरताना एक सूर सुटला. त्यामुळे धून ठेक्यावर नेमकी बसत नाही, किंचित सरकलेली राहते. हे तिनं स्वतःच पुढं एका मुलाखतीत सांगितलं आहे. त्यांनी ते तसंच ठेवलं. कान देऊन ऐक, ती धून ठेक्याशी भांडत पुढं जाते, आणि त्या भांडणामुळेच गाणं इतकी वर्षं शिळं झालेलं नाही.

सम्नर त्यावर जे गातो ते आनंदाचं नाही. सपाट आवाजात, कोणाला तरी जाब विचारल्यासारखं गातो. आणि पीटर हूकचा बेस बघ. बेस असून वरच्या पट्टीत गाणं म्हणतो. जॉय डिव्हिजनमधेही तो असाच वाजवायचा. म्हणजे जुना बँड पुसला गेला नाही. ज्यांच्यातला एक माणूस गेला, त्यांनी दुःख बाजूला ठेवून नाच धरला असं झालं नाही. दुःख घेऊनच ते नाचायच्या जागी आले.

आपल्या भागातल्या माणसाला हे समजावून सांगायला लागू नये. मी कित्येक हंगाम झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांना की-बोर्ड वाजवला. दिवाळीनंतर सुरू होतं ते होळीपर्यंत, आज इकडे शंकरपट (बैलांच्या शर्यती) तर उद्या तिकडे मंडई (गावची जत्रा), आणि प्रत्येक ठिकाणी रात्रभर नाटक. एकदा ब्रह्मपुरीकडच्या एका गावात तिसऱ्या अंकात आईचं गाणं होतं. पोरगा सोडून गेलेला. थंडी अशी की पुढं बसलेल्या म्हाताऱ्या बायांनी डोक्यावरून चादरी घेतलेल्या. तबलेवाला विलंबित ठेका देत होता आणि लोक पेंगत होते. दुसऱ्या कडव्याला आमच्या ऑक्टोपॅडवाल्यानं (काठ्यांनी वाजवायचं विजेवरचं पॅड) न विचारता खालून सरळ किक सुरू केली, दर मात्रेला एक, अगदी हलकी. मी दचकून त्याच्याकडे बघितलं. त्यानं पुढं बघ अशी मान केली. पुढच्या रांगेतली एक बाई चादरीतून हात काढून मांडीवर ताल देत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दोन्ही एकाच वेळी. नटीनंही ते ओळखलं, तिनं शब्द लांबवायचं थांबवलं, ती तुटक गायला लागली, आणि गाणं आधीपेक्षा जास्त लागलं.

तेव्हापासून मी एकच गोष्ट तपासतो : ठेका आला तेव्हा कोण मागं सरलं? खरा बदल झाला असेल तर प्रत्येकानं काहीतरी सोडलेलं असतं. गिटारवाल्यानं जाड आवाज सोडलेला असतो, गाणाऱ्यानं ताणणं सोडलेलं असतं, ड्रमवाल्यानं हात दाखवणं सोडलेलं असतं. आणि बदल खोटा असेल तर जुनं गाणं जसंच्या तसं असतं, गिटार तितकीच दाटीवाटीनं, गाणारा तसाच ओरडतो, खाली फक्त धपधप चिकटवलेली. असे अल्बम पुष्कळ आहेत आणि ते विसरलेही जातात. ‘इट्स ब्लिट्झ’ला ही कसोटी लाव. झिनर मागं सरला, कॅरन ओरडायचं थांबवून गायला लागली. माझ्या कानाला हा बदल खरा वाटतो.

पैशाचं म्हणशील तर, बँडनं पैसे कमवावेत असंच मला वाटतं. रात्रभर वाजवून पहाटे हातावर काय पडतं हे आम्ही जाणतो. पैसा मिळाला म्हणून संगीत खोटं होत नाही आणि नाही मिळाला म्हणून खरं होत नाही.

कॅनडाच्या आर्केड फायर या बँडचंही बघ, कारण कोणीतरी तुला त्यांचं उदाहरण देईलच. २०१० च्या ‘द सबर्ब्ज’मधे शेवटाकडे रेजीन शासान्य गाते ते ‘स्प्रॉल टू’ ऐक, सरळ ब्लाँडीच्या घराण्यातलं आहे. पुढं २०१३ मधे ‘एलसीडी साउंडसिस्टम’ या नाचाच्या बँडच्या जेम्स मर्फीला सोबत घेऊन त्यांनी ‘रिफ्लेक्टर’ केला. त्याचं शीर्षकगीत मला अतिशय आवडतं, पण दोन तबकड्यांचा तो सगळा पसारा लांबला आहे. तिथं कापणारा माणूस हवा होता.

प्रश्न : आम्ही चौघं आर्वी तालुक्यातले. गिटार, बेस, ड्रम आणि मी की-बोर्ड. कॉलेजच्या गॅदरिंगला स्वतःची मराठी गाणी वाजवतो. लोक ऐकतात, टाळ्या देतात, पण कोणी जागचं हलत नाही. मला आणि ड्रमवाल्याला नाचायला लावणारं, जुन्या न्यू वेव्हसारखं वाजवायचं आहे. गिटारवाला म्हणतो, मग मी काय करू, घरी बसू? ड्रम मशीन घ्यायला पैसे नाहीत. काय करावं?

उत्तर : आधी गिटारवाल्याची भीती घालवा, कारण ती रास्त आहे. त्याला घरी बसायचं नाही, त्याला सगळ्यात अवघड काम करायचं आहे. खालच्या जाड तारा सोडून द्यायच्या, वरच्या तीन तारांवर अर्धाच कॉर्ड (एकदम वाजणारे सूर) धरायचा, आणि डाव्या हाताची पकड वाजवल्या वाजवल्या ढिली करायची, म्हणजे सूर लांबत नाही, ‘चक्’ होऊन मरतो. असं सोळा आवर्तनं एकाच लयीत वाजवून दाखव म्हणावं. पहिल्या दिवशी मनगट भरून येईल. ज्या गिटारवाल्याला हे जमतं त्याच्यावाचून नाच होत नाही.

लय मिनिटाला ११५ ते १२५ मात्रांच्या मधे ठेवा. १२० म्हणजे सेकंदाला दोन मात्रा, घड्याळाच्या काट्यावर मोजता येते. ‘हार्ट ऑफ ग्लास’ या पट्ट्यात आहे, ‘ब्लू मंडे’ थोडं वर, १३० च्या आसपास. गॅदरिंगला स्टेजवर चढलं की उत्साहानं लय पळते, ती पळू देऊ नका. ड्रमवाल्यानं चारही मात्रांवर किक द्यायची, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम), आणि दोन मात्रांच्या मधोमध हाय-हॅट (पायानं उघडझाप होणारी झांजांची जोडी) किंचित उघडायची. कहरव्यावर वाढलेल्या माणसाला हा ठेका बाळबोध वाटतो, हात शिवशिवतात, मधे काहीतरी घालावंसं वाटतं. घालायचं नाही. ज्याला चार मिनिटं काहीही न घालता वाजवता येतं तोच लोकांना उठवतो. तुमच्या ड्रमवाल्याला एक दिवस नागपूरला संदलच्या मिरवणुकीमागे किंवा धुमाल पार्टीबरोबर फिरवून आणा. तिथल्या वादकांचे हात किती वेळ एकाच गोष्टीवर टिकून राहतात ते त्याला बघू द्या. पॅड आणि ताशे वाजवणारी ती पोरं कुठल्या शाळेत शिकलेली नसतात, पण माणसांचे पाय कधी उचलतात हे त्यांना नेमकं ठाऊक असतं.

गाणं बेसवाल्याच्या हातात द्या. आधी बेस आणि किक दोघंच वाजवा, त्याच्यावर चाल गुणगुणा. त्या दोघांवरच गाणं उभं राहिलं नाही तर बाकीच्यांनी कितीही भर घातली तरी राहणार नाही. मग तू ये, आणि एकच ओळ वाजव. दोन्ही हातांनी कॉर्ड भरायचा मोह आवर. एका कडव्यात आठ आवर्तनं गिटार पूर्ण बंद ठेवा, मग ती परत आली की बघा काय होतं.

वीज गेली की सराव थांबवू नका. अँप्लिफायरशिवाय, किकच्या जागी पायाचा ठोका, असं वाजवून जे गाणं टिकतं ते स्टेजवर टिकतंच. मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि शेजारच्या खोलीत लावून भिंतीआडून ऐका. भिंतीतून फक्त खालचे सूर येतात. तेवढ्यावर मान डोलली तर काम झालं.

ड्रम मशीनची गरज नाही. मोबाइलवर फुकट ॲप मिळतात आणि त्यातला अर्धा खजिना रोलँडच्या टीआर-८०८ या यंत्राच्या आवाजांचा असतो. ते यंत्र १९८० ला आलं, ड्रमसारखा आवाज येत नाही म्हणून फार चाललं नाही, तीनच वर्षांत बंद झालं. मग जुन्या बाजारात स्वस्त मिळायला लागलं आणि हातात पैसे नसलेल्या पोरांनी त्यावर अख्खं नवं संगीत उभं केलं.

त्या यंत्राची एक गोष्ट आपल्या राज्यातली आहे. मुंबईत चरणजित सिंग नावाचे वादक होते, हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवणारे. त्यांनी हेच ८०८, बेससाठी टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर घेऊन १९८२ मधे डिस्को ठेक्यावर दहा रागांचा एक अल्बम केला. ललत, तोडी, मालकंस, सगळे यंत्रावर. तेव्हा कोणी फारसं विचारलं नाही. २०१० मधे तो परदेशात पुन्हा निघाला तेव्हा तिकडचे लोक थक्क झाले, कारण शिकागोच्या पोरांनी ज्या तऱ्हेचं संगीत पुढं काही वर्षांनी केलं, ते या माणसानं मुंबईत आधीच वाजवून ठेवलं होतं. चरणजित सिंग २०१५ मधे गेले. जाण्याआधी त्यांना हा मान बघायला मिळाला याचं मला समाधान आहे. तुम्ही चौघं तो अल्बम एकत्र बसून ऐका, विशेषतः तू, कारण राग मोडू न देता तो सरळ ठेक्यावर कसा बसवायचा हे त्यात आहे, आणि मराठी चाली घेऊन तुम्हाला नेमकं तेच करायचं आहे.

प्रश्न : मी लाखांदूर तालुक्यातला जुना तबलावादक. झाडीपट्टीत आता ऑर्गन-तबला मागं पडून पॅड आणि की-बोर्ड आला. तुम्ही नव्या आवाजाची बाजू घेता. मग आम्ही वाजवलं ते काय टाकून द्यायचं?

उत्तर : नाही, काकाजी. माझ्या वरच्या सगळ्या लिहिण्यात एक अट आहे, ती इथं उघड सांगतो. बदल वाजवणाऱ्यानं स्वतः केला पाहिजे. झिनरनं गिटार खाली ठेवली ती त्याच्या मर्जीनं. तुमच्या हातून तबला काढून घेतला तो खर्च वाचवायला, एका माणसाचं मानधन कमी करायला. या दोन गोष्टी मी एका तागडीत घालणार नाही. पॅडवर तबल्याचा आवाज निघतो, पण नाट्यपदात नट श्वास कुठं घेणार हे बघून ठेका अर्धा क्षण थांबवणारा माणूस त्यात नसतो. मी तुमच्यासारख्यांच्या शेजारी बसून वाजवलं आहे आणि जे शिकलो ते तिथंच.

माझी विनंती आहे की तुम्ही पॅडवाल्या पोरांना शेजारी बसवा. तुमच्या हातातले नाटकाचे ठेके, प्रवेश बदलताना द्यायचे तुकडे, लढाईचं, रडण्याचं वाजवणं, हे मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. आणि ज्या नाटक कंपन्या वडसा गावातून प्रयोगांच्या तारखा घेतात त्यांना माझं सांगणं आहे की पॅड आणि तबला दोन्ही ठेवा. पॅड किक देईल, तबला बोलेल. मी हे स्टेजसमोर बसून ऐकलं आहे आणि प्रेक्षक शेवटच्या प्रवेशापर्यंत उठले नाहीत.

प्रश्न : मेहकरहून लिहिते. इंग्रजी गाण्यांतले शब्द मला कळत नाहीत. तरी हे ऐकावं का? आणि कुठून सुरू करू?

उत्तर : अवश्य ऐका, ताई. या संगीतात निम्मी गोष्ट बेस आणि ठेका सांगतात. सुरुवात ‘हार्ट ऑफ ग्लास’नं करा. मग टॉकिंग हेड्स या बँडचा १९८० चा अल्बम ‘रिमेन इन लाइट’, त्यात नायजेरियाचे गायक-वादक फेला कुटी यांचा प्रभाव आहे आणि एकच आवर्तन फिरत राहतं, आपल्या कानाला ते परकं वाटत नाही. मग ‘ब्लू मंडे’, तेही मोबाइलच्या स्पीकरवर नको, इअरफोन लावून, नाहीतर खालचा सगळा भाग हरवतो. त्यानंतर स्कॉटलंडच्या फ्रान्झ फर्डिनंड या बँडचं २००४ चं ‘टेक मी आऊट’. त्यात पहिल्या मिनिटाच्या आसपास लय चक्क उतरते आणि तिथून पुढं गाणं नाचाचं होतं. ती उतरण दोन-तीनदा मागं नेऊन ऐका. शेवटी ‘फीव्हर टू टेल’ आणि ‘इट्स ब्लिट्झ’ एकाच संध्याकाळी पाठोपाठ लावा, आणि दोन्हींपैकी कोणता आवडला ते मला कळवा. दारव्ह्याच्या पोरालाही मी हेच सांगितलं असतं.